एवढं घर लागू दे

घर बदलायचं बजेट मी जितक्या वेळा केलं, तितक्या वेळा आईने ते कमी करून दिलं. मी अंबरनाथला एका कंपनीत अकाउंट्स बघते. लोकांचे खर्च कापण्यात माझं आयुष्य गेलं, पण समोर बसून स्वतःचाच खर्च इतक्या आनंदाने कापणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. नवी कॉट नको म्हणाली. कपाट नको, तुझ्याच कपाटात एक कप्पा दे म्हणाली. मला वाटलं, माझ्या पगाराची काळजी करतेय बिचारी. मी आपली खूश. कप्पाळ माझं.

आम्ही उल्हासनगरात विठ्ठलवाडीला राहायचो, स्टेशनपासून चालत, तिसऱ्या मजल्यावर. आई आणि मी. माझं लग्न झालं नाही. त्याची कारणं शोधण्याचा छंद नातेवाइकांना आहे, मला नाही. बाबा मोरिवलीच्या बाजूला एका कारखान्यात होते. ओव्हरटाइम करकरून त्यांनी हे दोन खोल्यांचं घर घेतलं आणि पुढे जन्मभर त्या घराचं कौतुक केलं. पाहुणा आला की आधी भिंतीवर थाप मारून दाखवायचे. बघा, म्हणायचे, कशी ठणठणीत आहे. आता त्याच भिंतीत बोट जाईल एवढी चीर पडली होती, आणि तिच्यावर मी कॅलेंडर लावलं होतं.

उल्हासनगरात राहणाऱ्याला हे काही नवीन नाही. तीसेक वर्षांपूर्वी घाईघाईत उभ्या राहिलेल्या इमारतींचे स्लॅब पडतात, आपण पेपरात वाचतो, चुकचुकतो आणि वर आपल्याच छताकडे बघतो. मग एक दिवस आमच्या खालच्या सिंधी भाभींच्या स्वयंपाकघरात, बरोबर शेगडीवर, स्लॅबचा ढलपा पडला. भाभी भाजीवाल्याशी भांडायला खाली गेल्या होत्या म्हणून वाचल्या. आठवड्याभरात जिन्यात नोटीस लागली. इमारत धोकादायक, रिकामी करा.

मी लगेच सोनिवलीत फ्लॅट बघितला. बदलापूरच्या त्या बाजूला आता भाताच्या शेतांच्या जागी टॉवरच टॉवर आहेत. कर्जाचं जमलं, रजिस्ट्रेशन झालं, किल्ली हातात आली. आणि मग मी थांबले. आज टेम्पो महाग आहे, उद्या ऑफिसात ऑडिट आहे, परवा अमावास्या आहे. बिल्डिंगमधली एकेक बिऱ्हाडं जायला लागली आणि मी मात्र बजेट पुन्हा पुन्हा करत बसले.

त्याचं कारण बजेटमध्ये नव्हतं. मी बाबांना शब्द दिला होता.

बाबा जाऊन सहा वर्षं झाली. शेवटच्या आजारात त्यांचं एकच चालायचं, घर सोडू नका. औषध घेताना तेच, पाणी पिताना तेच. आम्ही हो हो म्हणायचो. त्यांचा दहावा बदलापूरला नदीवर केला. पिंड मांडले, सगळे मागे सरकून उभे राहिलो, आणि कावळा शिवेना. झाडावर चांगले चारपाच बसले होते, पण एकही खाली येईना. आता ज्याने हे पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाचं काहीतरी राहिलंय, आणि ते काय हे ओळखून तिथे मोठ्याने कबूल करायचं. मग सुरू झालं. चुलत भावाने बाबांची आवडती शेव आणून ठेवली. कोणी चहाचा कप ठेवला. काका पुढे झाले, हात जोडले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले की दादा, मुलीचं लग्न आम्ही लावू, काळजी करू नकोस. सगळी गर्दी वळून माझ्याकडे बघायला लागली. मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली. त्या क्षणी मलाच नदीत उडी मारावीशी वाटली. कावळ्यालाही ते पटलं नसावं, कारण तो हलला नाही.

ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले, म्हणजे खरा नाही तर गवताचा शिववून मोकळं करायचं. मला एकदम रडू फुटलं. बाबांना गवताच्या कावळ्यावर कटवायचं? मी पुढे गेले आणि ओरडूनच म्हणाले, "बाबा, आपलं घर मी सोडणार नाही. आईला तिथून हलवणार नाही." वाक्य पुरं होतंय तोवर कावळा खाली. सरळ पिंडावर. मागे सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, बापाला मोकळं केलंस.

हसणाऱ्याने खुशाल हसावं. मी बी.कॉम. आहे, कंपनीत जीएसटी भरते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि त्या दिवसापासून तो शब्द माझ्या मानेवर बसला.

त्यानंतर आई रोज सकाळी पहिली पोळी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायची. कावळा यायचा, खायचा, जायचा. सहा वर्षं. मी कधी त्याच्याकडे नीट बघितलंही नव्हतं. पण आम्ही सामान बांधायला काढलं आणि तो खाईनासा झाला. यायचा मात्र रोज. ग्रिलवर बसून पोळीकडे बघायचा, मान वाकडी करून घरात बघायचा आणि लोखंडावर चोच आपटायचा. टक, टक. जरा थांबून पुन्हा टक. बाबा कारखान्यातून आले की बेल न दाबता कडी अशीच वाजवायचे. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा माझ्या हातातली बशी सुटली.

मी त्याला हाकललं. पाणी उडवलं. ऑफिसला जायच्या घाईत एकदा त्याच्याशी भांडलेसुद्धा, की छत डोक्यावर पडतंय, मी करू तरी काय, तुम्हीच सांगा. मागे आई पोळ्या लाटत होती. तिने मला वेड्यात काढलं नाही की हसली नाही. लाटणं क्षणभर थांबवलं आणि पुन्हा लाटायला लागली. मला वाटलं, तिलाही तो शब्द आठवतोय आणि ती मनातल्या मनात मला दोष देतेय. घर मोडताना बाईला वाईट वाटणारच. त्यामुळे मी तिच्यापाशी तो विषय काढायचंच टाळलं.

आवराआवर चालू राहिली. खोकी मी उल्हासनगर कॅम्पातल्या जीन्सच्या दुकानांतून आणली. त्यांना निळ्या रंगाचा आंबूस वास येत होता आणि वर पॅन्टींचे साइज छापलेले होते. चौतीस साइजमध्ये कढया आणि डबे, छत्तीसमध्ये देवाची भांडी, अडतीसमध्ये बाबांचे स्वेटर. आई सुरेख बांधायची, प्रत्येक ताट कागदात, कप एकात एक. पण तिच्या स्वतःच्या वस्तू मात्र खोक्यात जातच नव्हत्या. चांगल्या साड्या भाभींना दिल्या. तांब्याचा हंडा कामवालीला. चपलांचा जास्तीचा जोड वॉचमनच्या बायकोला. मी म्हटलं, अगं, तिकडे नेसायचं काय? तर म्हणाली, चार पुरतात. टेम्पोवाल्याने सामान बघून छोट्या गाडीचा भाव सांगितला, तेव्हा मी आईला चक्क शाबासकी दिली.

तिने मागितलं असं एकच. नव्या फ्लॅटमध्ये सगळे खिडक्यांना कबुतरांसाठी जाळी लावून घेतात, मीही त्याचे पैसे धरले होते. ती म्हणाली, स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी नको. मी तोही खर्च काढून टाकला.

भाभी गेल्या त्या दिवशी जिन्यात माझा हात धरून म्हणाल्या की बेटा, अब तो निकलो, दीवार किसी की सगी नहीं. मी हो म्हटलं आणि घरात येऊन पुन्हा कॅलक्युलेटर घेऊन बसले. त्याच दुपारी, आई बाथरूममध्ये असताना, तिच्या अंथरुणावर छताचा तुकडा पडला. उशीच्या जागी. मी खोलीच्या दारात उभी राहून त्या सिमेंटकडे बघत राहिले. वरून गंजलेली सळई दिसत होती. आई बाहेर आली, तिने ते पाहिलं, आणि तिच्या तोंडावर भीती नव्हती. मला नीट शब्द सापडत नाही. गाडी थोडक्यात चुकलेल्या माणसासारखी ती दिसली. त्या दिवशी मला ते कळलं नाही. मी रडत टेम्पोवाल्याला फोन केला आणि परवा सकाळी ये म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई जमिनीवर बसून चादरींचं गाठोडं बांधत होती. मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, उद्या टेम्पो पुढे जाऊ दे, आपण रिक्षा करून आधी नदीवर जाऊ. मला बाबांची माफी मागायची आहे.

"कशाची माफी?" आईने विचारलं.

मी सांगितलं. घर सोडणार नाही असा शब्द दिला होता, तो मोडतेय. म्हणून तर ते खिडकीत येऊन बसतात, पोळीला शिवत नाहीत. आईने मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिला माझी कीव आली असावी.

"तुझ्या शब्दाला कावळा शिवला, असं वाटतं तुला?" ती म्हणाली. "अगं, तू मोठ्याने बोललीस तेव्हा मीही बोलले होते. मनात. दोघी एकदमच."

"तू काय बोललीस?"

"म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी येतेच मागून." तिने गाठोड्याची गाठ ओढली. "तेव्हा आला तो. घराचं काय घेऊन बसलीस? घराशी काय करायचंय त्यांना? मी सांगून ठेवलं आणि सहा वर्षं जात नाहीये. किती वाट बघतील?"

कॉट नको. कपाट नको. चार साड्या पुरतात. पोळ्या लाटताना थांबलेलं ते लाटणं, उशीवर पडलेलं सिमेंट बघून झालेला तो चेहरा. माझं बजेट महिनाभर या बाईने बसून कमी केलं होतं, कारण नव्या घरात ती स्वतःला धरतच नव्हती. आणि मी, अकाउंट्सवाली, शाबासकी देत होते.

मग मला राग आला. आयुष्यात एवढा राग मला कधी आला नाही, बाबांचा, तिचा, दोघांचाही. इतकी वर्षं रोज डबा भरून देणारी ही बाई मनातून दारात चप्पल घालून उभी होती. मी ओरडले, "आणि माझं काय?"

आईचे हात थांबले. हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता, तिने स्वतःलाही विचारला नसावा. मग समजूत काढावी तशी ती म्हणाली, "तुझं घर लावून देते ना. ते केल्याशिवाय कुठे जाते मी?"

नदीवर आम्ही गेलो नाही. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला, हमालांनी दोन तासांत जन्माचं सामान खाली नेलं. भिंतीवरचं कॅलेंडर मी तिथेच राहू दिलं. निघताना आईने उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं, पण मागे वळून बघितलं नाही. मी बघितलं. खिडकीत कोणी नव्हतं.

सोनिवलीला आधी देव आत नेले. मग नव्या शेगडीवर दूध ठेवून ते उतू जाऊ दिलं. शेजारच्या बाई कांदेपोहे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, छान मोकळी जागा आहे, हवा येते. मी खोलीत जाऊन दार लोटलं आणि जाळीवाल्याला फोन केला. स्वयंपाकघराची खिडकी, उद्याच्या उद्या, हवे तेवढे पैसे घे. त्या खिडकीतून झाडी दिसते आणि झाडीपलीकडे नदी. फ्लॅट बघताना एजंटने रिव्हर व्ह्यू म्हणून त्याचे जास्त सांगितले होते आणि मी घासाघीस केली होती. कुठली नदी, ते तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

सकाळी मी उठले तर तो आलेला होता. कावळे सगळे सारखेच दिसतात, हे मला कळतं. विठ्ठलवाडीचा कावळा पत्ता शोधत सोनिवलीला येत नाही, हेही कळतं. तो खिडकीच्या कट्ट्यावर बसून मान वाकडी करून आत बघत होता. तवा, पोळपाट आईने वेगळ्या पिशवीत हातातून आणले होते, आणि तिची पहिली पोळी तव्यावरून उतरली होती. मी ती तिच्या हातातून घेतली, स्वतः खिडकीत ठेवली आणि नदीवर बोलले होते तशीच बोलले. म्हटलं, बाबा, घराचा शब्द मी मोडला, हिचा शब्दही मीच मोडते. काय राग धरायचा तो माझ्यावर धरा. पण हिला राहू द्या. मला दुसरं कोणी नाही.

तो पोळीला शिवला नाही. पोळीची वाफ जात होती, मी हात जोडून उभी होते, आणि तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. माझ्या खांद्यावरून मागे बघत होता.

मागून आई आली. पदराला हात पुसत, खाली रिक्षा थांबवून हाका मारणाऱ्या नवऱ्याला वरून उत्तर द्यावं तशा आवाजात ती म्हणाली, "आलेच. एवढं घर लागू दे."

कावळ्याने पोळी उचलली आणि झाडीकडे निघून गेला.

थोड्या वेळाने जाळीवाला आला. मी त्याला रिक्षाभाडं देऊन परत पाठवलं. जाळीने काय होणार होतं? आई तोवर सुरी घेऊन खोक्यांपाशी बसली होती. चौतीस साइजची चिकटपट्टी तिने अर्धी कापली होती. मी तिच्या हातातून सुरी काढून घेतली आणि म्हटलं, राहू दे, एवढी काय घाई आहे.

त्याला आता वर्ष होत आलं. हॉलमध्ये खिडकीखाली खोकी अजून तशीच आहेत, एकावर एक, वर चादर घातलेली. येणारे जाणारे विचारतात, लागलं का घर? मी म्हणते, कुठलं, वेळच मिळत नाही. काका येऊन गेले, तेही म्हणाले की बाईमाणसाच्या घरात असा पसारा शोभत नाही. मी त्यांना चहा दिला. आई रविवार आला की हळूच विषय काढते, आज दोन खोकी उघडू या का गं? माझं रविवारी नेमकं डोकं दुखतं. ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे बघत नाही.

तिला एकदा शंकरपाळे तळायचे होते. कढई कुठल्या खोक्यात आहे, तिने विचारलं. मला चांगलं माहीत आहे कुठल्या. मी म्हटलं, काय की बाई, आठवत नाही, आणि संध्याकाळी बदलापूर स्टेशनजवळून नवी कढई घेऊन आले. मग नवे डबे घेतले, ताटं घेतली, थंडी पडली तेव्हा तिला नवा स्वेटर घेतला, आणि तिच्यासाठी कॉटसुद्धा घेतली. घर बदलायच्या बजेटमध्ये यातला एकही खर्च धरलेला नव्हता.